कंसातलं नाव : पटवाऱ्याच्या दप्तरापासून संगणकाच्या फाइलपर्यंत

सातबाऱ्यावरचं नाव खोडायचं नसतं. माणूस मेला, जमीन विकली गेली, वाटणी झाली, काहीही झालं तरी जुन्या नावावर शाई फिरवायची नाही. नावाला कंस करायचा, शेजारी नव्या धारकाचं नाव लिहायचं, आणि बाजूला छोट्या वर्तुळात एक क्रमांक टाकायचा. तो क्रमांक फेरफाराचा. फेरफार नोंदवहीत त्या क्रमांकावर गेलं की कोण गेलं, कोण आलं, कशामुळे आलं, कोणत्या तारखेला आलं, कुणी हरकत घेतली आणि मंडळ अधिकाऱ्याने काय शेरा मारला, हे सगळं सापडतं. हाताने लिहिलेल्या एखाद्या जुन्या सातबाऱ्याचा कागद हाती आला तर बघा : कंसांच्या आत कंस, वर्तुळांवर वर्तुळं, आणि त्या गर्दीत कुठेतरी आजचा मालक. दिसायला गचाळ, पण माझ्या मते मराठी मुलखात निर्माण झालेल्या उत्तम कागदांपैकी हा एक आहे.

मी महसूल खात्यातली नाही. आयुष्य संगणक शिकवण्यात गेलं. त्यातली काही वर्षं यजमानांच्या नोकरीमुळे मुकुटबनला काढली. यवतमाळ जिल्ह्याच्या पार पूर्वेला, झरी जामणी तालुक्यात, माजरीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे गाव. तालुक्याचं ठिकाण झरी असलं तरी बाजार मुकुटबनचा मोठा. जमिनीखाली कोळसा, त्याच्या आसपास चुनखडी, वर कापूस आणि तूर. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. बाजाराच्या दिवशी कानावर मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी अशा चार भाषा पडतात. तिथल्या बारावी झालेल्या मुलांना मी एका उन्हाळ्यात प्रोग्रॅमिंग शिकवलं. ‘फाइल’ हे प्रकरण आलं आणि गाडी अडली. मुलांना प्रश्न पडले ते माझ्या पुस्तकात नव्हते. फाइल उघडायची म्हणजे काय? उघडल्याशिवाय वाचता का येत नाही? बंद का करायची? आणि सगळ्यात मोठा प्रश्न एका कोलाम मुलाचा : ‘मॅडम, लिहायला उघडली तं आधीचं सगळं जाते कसं?’

त्याला उत्तर देण्यासाठी मी जे शोधायला लागले, ते हळूहळू या लेखाएवढं झालं.

आधी शब्दांकडे पाहू. इंग्रजी ‘फाइल’ लॅटिन ‘फिलुम’वरून, फ्रेंचमार्गे आला, अर्थ दोरा. युरोपातल्या कचेऱ्यांमध्ये कागदाला भोक पाडून तो दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत, ती फाइल. आपल्याकडे मंत्रालयात फाइलला ‘नस्ती’ म्हणतात. पुष्कळांना तो शब्द भाषा संचालनालयाने बसून बनवला असं वाटतं. मला त्याचं नातं संस्कृतातल्या नाकाशी असावं असं वाटतं. बैलाच्या नाकात दोरी ओवतात तशी कागदात ओवलेली. हिंदीतला ‘नत्थी’ आणि बैल ‘नाथणं’ हेही त्याच गोतावळ्यातले. म्हणजे लॅटिनात दोरा आणि आपल्याकडे वेसण. ‘दप्तर’ मात्र वेगळ्या वाटेने आलं. ते अरबी-फारसीतून आपल्याकडे पोचलं, आणि त्याच्या मुळाशी ग्रीक ‘डिफ्थेरा’ आहे, म्हणजे कमावलेलं कातडं. पोरांच्या पाठीवरचं दप्तर आणि पेशवे दप्तर हे एकाच कातड्याचे.

पेशवे दप्तरात कागद ओवलेले नाहीत, रुमालात बांधलेले आहेत. असे हजारो रुमाल पुण्यात आहेत. या कागदांत हिशेबाची जी रीत दिसते ती आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. रोजकीर्द म्हणजे दिवसाच्या क्रमाने जे घडेल ते लिहीत जायचं, मागे वळून बदलायचं नाही. खतावणी म्हणजे त्याच नोंदी माणसावार, खात्यावार लावायच्या. रोजकीर्द काय घडलं ते सांगते, खतावणी आज काय स्थिती आहे ते सांगते. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडून काढलेल्या पेशव्यांच्या रोजनिशीचे खंड इतिहासाच्या अभ्यासकाला आजही लागतात ते पहिल्या प्रकारच्या लिखाणामुळे. खतावणीतून शिल्लक कळते. ती शिल्लक तशी का झाली हे खतावणी एकटी सांगू शकत नाही.

सातबारा ही जमिनीची खतावणी, आणि गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, ही तिची रोजकीर्द. गावाच्या महसुली हिशेबाचे एकवीस नमुने मुंबई इलाख्यात ठरले आणि अँडरसन या अधिकाऱ्याच्या नियमपुस्तकामुळे घट्ट झाले. त्यातला सातवा नमुना अधिकारांचा, बारावा पिकांचा. दोन्ही एका कागदावर छापले म्हणून सातबारा. आठ-अ म्हणजे खातेदाराच्या नावावरून त्याचे सर्व तुकडे सापडवण्याची यादी. संगणकवाले जिला ‘इंडेक्स’ म्हणतात ती हीच.

आमच्या वऱ्हाडात हे सगळं फार उशिरा आलं. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं, आणि मुंबईच्या धर्तीवर मोजणी-बंदोबस्त सुरू झाला. यवतमाळ जिल्ह्याला १९०५ पर्यंत वणी जिल्हा म्हणत. इंग्रजांच्या कागदांत ते ‘वून’ असं आहे. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशाची १९५४ ची जमीन महसूल संहिता आली. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची, अमलात आली १५ ऑगस्ट १९६७ ला. म्हणजे शेत जागचं हललं नाही, पण त्याची नोंद शंभर वर्षांत तीन-चार वेगवेगळ्या साच्यांमध्ये ओतली गेली. अधिकार अभिलेख, पेरेपत्रक, कोतवाल बुक हे शब्द पुण्याच्या माणसाला अनोळखी वाटतात. जात पडताळणीसाठी १९५० च्या आधीचा पुरावा शोधत फिरणाऱ्या विदर्भातल्या बापाला ते तोंडपाठ असतात. आणि तलाठ्याला आमच्याकडे अजूनही पटवारीच म्हणतात.

एका साच्यातून दुसऱ्यात ओतताना काय सांडलं, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय आहे. तो इथे सोडते.

आता यंत्राकडे. संगणकात सुरुवातीला फाइल नव्हतीच. मोजणी करायची, उत्तर छापायचं, संपलं. माहिती जपायची असेल तर भोकं पाडलेली कार्डं लाकडी-लोखंडी कपाटात ठेवायची, आणि त्या कार्डांच्या गठ्ठ्यालाच फाइल म्हणत. सप्टेंबर १९५६ मध्ये, म्हणजे विदर्भ मुंबई राज्यात जाण्याच्या काही आठवडे आधी, आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचं यंत्र जाहीर केलं. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक फिरत असत. वजन टनाच्या वर, आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. त्या तबकड्यांच्या कपाटालाच ‘डिस्क फाइल’ म्हणत. नवल पन्नास लाखांचं नव्हतं. कार्डाच्या गठ्ठ्यात किंवा फितीवर हवी ती नोंद गाठायला सुरुवातीपासून सगळं ओलांडत जावं लागे. इथे यंत्राचा हात थेट हव्या त्या तबकडीच्या हव्या त्या वर्तुळावर जाई. पटवाऱ्याने बांधलेलं चोपडं मधेच उघडावं आणि बोट नेमकं ओळीवर ठेवावं तसं.

फाइलला आजचं रूप मात्र कपाटाने नाही, एका तऱ्हेच्या कंजूषपणाने दिलं. १९६० च्या दशकात एमआयटीत मल्टिक्स नावाची प्रचंड महत्त्वाकांक्षी प्रणाली घडत होती. फोल्डरच्या पोटात फोल्डर ही कल्पना तिच्या आराखड्यात १९६५ मध्ये मांडली गेली. बेल प्रयोगशाळा त्यातून १९६९ मध्ये बाहेर पडली आणि तिथल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी आपल्यापुरती छोटी प्रणाली लिहिली, युनिक्स. तोवरच्या प्रणालींमध्ये फाइलचे अनेक प्रकार, प्रत्येक प्रकाराची नोंद किती लांबीची, रकाने किती, हे यंत्राला आधी सांगावं लागे. युनिक्सने हे सगळं काढून टाकलं. फाइल म्हणजे बाइटांची एक रांग, बस्स. तिच्यात कविता आहे की पगारपत्रक, हे वाचणाऱ्याने बघावं. आणि तिच्याशी करायच्या गोष्टी बोटांवर मोजण्याएवढ्या : नवी तयार करणं, उघडणं, वाचणं, लिहिणं, बंद करणं. नोव्हेंबर १९७१ च्या त्यांच्या पहिल्या पुस्तिकेत हे सगळं आहे. ‘क्रिएट’ या आज्ञेच्या इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ‘ई’ त्यांनी गाळला होता. पुन्हा युनिक्स लिहायची झाली तर काय बदलाल, असं पुढे थॉम्प्सन यांना विचारलं, तेव्हा तो ‘ई’ घालेन असं त्यांनी सांगितलं. पन्नास वर्षं झाली, तो ‘ई’ अजून गेलेलाच आहे. लेखनप्रमाद एकदा दप्तरात शिरला की काय होतं याचं याहून सौम्य उदाहरण मला माहीत नाही.

उघडायची का, याचं उत्तर मुलांना मी तहसीलच्या खिडकीवरून दिलं. नक्कल हवी तर आपण अभिलेख कक्षात घुसत नाही. अर्ज देतो, त्यात गाव, गट नंबर आणि काम काय ते लिहितो. आत माणूस बघतो की असा कागद आहे का, आणि याला तो दाखवायचा का. असेल तर क्रमांक मिळतो, पुढचं सगळं त्या क्रमांकावर. युनिक्समध्ये अगदी हेच घडतं. प्रोग्रॅम फाइलचं नाव सांगतो आणि वाचायची आहे की लिहायची ते सांगतो. प्रणाली परवानगी तपासते आणि एक छोटा आकडा हातात देते. शून्य, एक आणि दोन हे आकडे कळफलक, पडदा आणि चुकांचे निरोप यांच्यासाठी आधीच दिलेले असतात, म्हणून आपल्या पहिल्या फाइलला बहुधा तीन मिळतो. पुढे प्रोग्रॅम नाव घेत नाही, ‘तीनमधून वाच’ एवढंच म्हणतो. आणि कुठवर वाचून झालं त्या जागी प्रणाली आपलं बोट ठेवून असते.

बंद का करायची, हे शिकवायला मला काहीच करावं लागलं नाही; ते काम भारनियमनाने केलं. आपण ‘लिही’ म्हटलं की अक्षरं लगेच तबकडीवर जात नाहीत. तबकडी सावकाश, स्मृती जलद; म्हणून आधी स्मृतीतल्या एका कोपऱ्यात साठवायचं आणि पुरेसं साठलं की एकदम उतरवायचं. पटवारी शिवारात कच्चं टिपण करतो आणि चावडीवर येऊन पक्क्या वहीत चढवतो, त्यातली गोष्ट. फाइल बंद करणं म्हणजे कच्चं सगळं पक्क्यात चढवून वही मिटणं. मुकुटबनला वीज सांगून जायची आणि न सांगताही जायची. ज्यांनी फाइल बंद केली नव्हती त्यांच्या वह्या रिकाम्या निघाल्या. त्यानंतर त्या वर्गात कुणी ‘क्लोज’ विसरलं नाही.

राहिला त्या मुलाचा प्रश्न. सी भाषेबरोबर आलेल्या पद्धतीत फाइल उघडताना एक अक्षर द्यावं लागतं. पायथनसारख्या पुढच्या भाषांनी तेच घेतलं. ‘आर’ म्हणजे फक्त वाचायला. ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहायला, आणि या अक्षराने उघडल्याबरोबर, एक शब्दही लिहिण्याआधी, फाइल कोरी होते. ‘ए’ म्हणजे शेवटाला जोडायला. आधीचं जसंच्या तसं, नवं त्याच्या खाली. ‘डब्ल्यू’ हा प्रकार का ठेवला? कारण प्रोग्रॅमला पुष्कळदा निकाल नव्याने लिहायचा असतो, आणि कालचा निकाल आजच्या निकालाच्या शेपटीला लोंबत राहिला तर तो वाचणाऱ्याला फसवेल. तबकड्या लहान होत्या, जागा महाग होती. यंत्राच्या बाजूने ते बरोबरच आहे.

पण त्या मुलाच्या बाजूने नव्हतं. तो पोडावरचा. कोलामांच्या वस्तीला आमच्याकडे पोड म्हणतात. कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. उरलेल्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. जमिनीचा कागद आणि कोलाम यांचं नातं समजायचं तर दोन तारखा लक्षात ठेवायच्या : १ एप्रिल १९५७ आणि ६ जुलै १९७४. या दोन तारखांच्या मध्ये आदिवासीकडून बिगर आदिवासीकडे गेलेली जमीन मूळ धारकाला परत देण्याची तरतूद महाराष्ट्राने केली. त्यासाठीचा अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा अधिनियम १९७४ चा, प्रत्यक्ष कायदा झाला १९७५ मध्ये. दुसऱ्या तारखेनंतरचं हस्तांतर जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय करताच येत नाही. विशेष असं की जिल्हाधिकाऱ्याला स्वतःहून चौकशी सुरू करण्याचा अधिकार या कायद्याने दिला. तक्रार नको, अर्ज नको. मग चौकशी सुरू करायची कुठून? नोंदवहीतून. फेरफाराच्या, त्याआधीच्या पद्धतीत नामांतरणाच्या, पानांवरून बोट फिरवत जायचं आणि देणाऱ्याचं नाव आणि घेणाऱ्याचं नाव बघायचं.

आता कल्पना करा की १९५७ पासून सातबारा ‘डब्ल्यू’ने लिहिला गेला असता. दरवेळी नवा कोरा कागद आणि त्यावर फक्त आजचा धारक. कागद किती स्वच्छ दिसला असता! आणि १९७५ च्या कायद्याला हात घालायला काहीच उरलं नसतं. कायदा कितीही चांगला असला तरी तो कंसातल्या नावांवर उभा होता. जमिनी किती परत मिळाल्या, मिळालेल्या किती टिकल्या, याबद्दल अभ्यासकांमध्ये पुष्कळ कडवटपणा आहे आणि तो मला रास्त वाटतो. पण दावा करता आला, एवढं तरी त्या गचाळ कागदाने केलं.

गंमत म्हणजे संगणकशास्त्राला हे शहाणपण परत शोधून काढावं लागलं. जिम ग्रे हे बँका आणि विमान कंपन्यांच्या माहितीसाठ्यांमागचं शास्त्र घडवणाऱ्यांपैकी. १९८१ च्या एका निबंधात त्यांनी जागच्या जागी बदल करण्याच्या सवयीवर शंका घेतली. शाईने आणि त्याआधी मातीच्या विटांवर हिशेब लिहिणारे लोक वहीतलं काही बदलत नसत. चूक झाली तर शेरा मारून दुरुस्तीची नवी नोंद करत, याची आठवण त्यांनी करून दिली. आजचा कोणताही भरवशाचा माहितीसाठा आधी एका रोजकीर्दीत ‘मी आता हे करणार आहे’ असं लिहितो, मग खतावणीत बदल करतो. मधेच वीज गेली तर उठल्यावर रोजकीर्द वाचून खतावणी पुन्हा लावतो. आमच्याकडे कलम १५० हेच सांगतं : आधी फेरफार नोंदवहीत नोंद, तिची प्रत चावडीवर, संबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणन, आणि नंतरच सातबाऱ्यावर अंमल.

महाराष्ट्रात या वह्या संगणकावर चढवण्याची सुरुवात आमच्या शेजारीच झाली. १९८८-८९ मध्ये केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा प्रयोग देशातल्या आठ जिल्ह्यांत केला. महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा होता वर्धा. त्या काळी पुष्कळ कचेऱ्यांमध्ये ३६० किलोबाइटची फ्लॉपी वापरात होती आणि यंत्राला देवनागरी मुळात येत नव्हती. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेलं जिस्ट कार्ड यंत्रात खुपसलं की पडद्यावर मराठी उमटे. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक आलं. त्यात एका अक्षरचिन्हाला एक बाइट. ‘मुकुटबन’ लिहायला उकार धरून सात बाइट लागत. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तीत देवनागरी होती. पुढच्या वर्षी थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत बसून यूटीएफ-८ हा संकेत रचला. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. ‘मुकुटबन’ एकवीस बाइटांचं झालं. पहिला ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४ हे तीन आकडे.

फाइल म्हणजे नुसती बाइटांची रांग, हे युनिक्सचं औदार्य इथे अंगाशी येतं. रांग तीच, पण वाचणारा सात बाइटांचा संकेत धरून बसलेला आणि लिहिणाऱ्याने एकवीसचा वापरलेला असला की पडद्यावर चिखल. त्यात ज्या-त्या कंपनीचे फाँट. मराठीतली कित्येक पत्रकं, पुस्तकं, अहवाल असे आहेत की फाइल शाबूत आहे, एक बाइट हललेला नाही, आणि फाँट नाहीसा झाला म्हणून कुणालाही वाचता येत नाही. मोडी वाचणारे अजून भेटतात. १९९५ चा एखादा फाँट वाचणारा शोधून बघा.

माझ्या आईचं नाव असंच गेलं, मात्र फाँटमुळे नाही. आजोळची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात आहे. गाव आणि कचेरी मुद्दाम लिहीत नाही. हस्तलिखित सातबाऱ्यावर आजोबांचं नाव कंसात आणि खाली पाच नावं होती : चार मामा आणि शेवटी आई. संगणकाच्या छापील उताऱ्यावर चार आली. कुणी दुष्टपणा केला असं मला वाटत नाही. उन्हाळा, रोजंदारीवर टंकलेखन करणारा मुलगा, पान उलटताना शेवटची ओळ. पण वारसांत शेवटची ओळ बहुतेक ठिकाणी मुलीचीच असते, हेही खरं. नोंद खरी आहे असंच कायदा धरून चालतो, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. ते कलम १५७. म्हणजे आई आता सहखातेदार नाही हेच खरं, आणि ती आहे हे तिने सिद्ध करायचं. तिने केलं, कारण फेरफाराची जुनी वही शिल्लक होती. वर्तुळातला क्रमांक मामांना पाठ होता. वहीतल्या त्या क्रमांकावर पाचही नावं आणि त्यांतल्या तिघांचे अंगठे. कलम १५५ खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचा आदेश निघायला चौदा महिने लागले. आई म्हणाली, ‘अंगठा होता म्हणून.’

अशा चुका इतक्या होत्या की त्यावर सरकारनेच एक जुना उपाय काढला. राज्यातले सातबारे सुमारे अडीच कोटी. २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचन झालं. संगणकातला सातबारा छापून चावडीवर मोठ्याने वाचायचा, आणि ज्याचं नाव चुकलं असेल त्याने उभं राहून सांगायचं. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ही फाइलची ताडणी. जी प्रत काढली ती मुळाशी जुळते का, हे यंत्र बाइट मोजून सांगू शकतं. पण इथे मूळ वही माणसांच्या आठवणीतही होती, म्हणून ताडायला गाव लागलं. जे गाव सोडून मजुरीला गेले होते आणि जे दुसऱ्या गावी नांदायला गेल्या होत्या त्यांची नावं कुणी उभं राहून सांगितली, हे ज्याच्या-त्याच्या गावावर अवलंबून होतं. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्यात एक अक्षर जरी कुणी बदललं तरी स्वाक्षरी जुळत नाही. स्वाक्षरी बदलाला पकडते. चढवतानाच गळलेल्या नावाला ती पकडू शकत नाही.

लिहिण्याचा हक्क कुणाचा, हेही बदलतं आहे. पूर्वी वही पटवाऱ्याची. लोकांना फक्त ‘आर’, तोही फी भरून. आणि दोघांनी एकाच वेळी एकाच वहीत लिहू नये यासाठी संगणकात जे कुलूप असतं त्याचं आमचं रूप म्हणजे ते जगप्रसिद्ध उत्तर : ‘दप्तर तालुक्याला गेलंय.’ १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. बारावा नमुना, म्हणजे पिकांचा रकाना, शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवरून भरायचा. शंभर वर्षांत पहिल्यांदा कास्तकाराला आपल्या फाइलच्या अर्ध्या पानावर लिहिण्याची परवानगी मिळाली. सिग्नल असेल तर.

कंसही आता गेला. नव्या रचनेच्या सातबाऱ्यावर मयत खातेदाराच्या किंवा फिटलेल्या बोजाच्या नोंदीवर आडवी रेघ येते, आणि जुने फेरफार क्रमांक वेगळ्या रकान्यात एका रांगेत लावलेले असतात. वाचायला हे सोपं झालंय, यात वाद नाही. नाव रेघेखालीही वाचता येतं, म्हणजे ‘डब्ल्यू’ झालेलं नाही. मला चिंता वाटते ती रांगेतल्या क्रमांकांची. ते क्रमांक ज्या पानांकडे बोट दाखवतात ती जुनी पानं अजून कागदावरच असतात. संगणकात ती चढवली जातात ती छायाचित्र म्हणून. काही जिल्ह्यांची अशी पानं आता घरबसल्या बघता येतात, ही मोठी सोय झाली. पण छायाचित्र म्हणजे ठिपक्यांची फाइल. त्यात ‘आत्राम’ शोधा म्हटलं तर यंत्राला काही दिसत नाही. त्याच्या लेखी अंगठा, शाईचा डाग आणि नाव तिन्ही सारखेच. पान सापडतं ते फाइलच्या नावावरून, आणि ते नाव देणारा पुन्हा उन्हाळ्यातला रोजंदारीवरचा मुलगा. त्याने गावाचा क्रमांक टाकताना एक आकडा चुकवला की मुकुटबनचं पान पैनगंगेकाठच्या भलत्याच गावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं. तिथे ते सुरक्षित असतं, वाळवी नाही, उंदीर नाही. त्याला शोधत मात्र कुणी येत नाही.

त्या उन्हाळी वर्गातला तो मुलगा पुढे अशाच कामावर लागला. जुन्या नोंदवह्यांची पानं उलटायची, यंत्राखाली धरायची, नाव द्यायचं. दिवसाला अमुक पानं. मागच्या वर्षी वणीच्या बसस्थानकावर भेटला. मी विचारलं, पानं वाचतोस का? म्हणाला, वाचायला वेळ भेटत नाही, पण आमच्या पोडाचं नाव आलं की थांबतो, क्रमांक दोनदा तपासतो.

‘आणि बाकीच्या गावांचा?’

‘एकदा,’ तो म्हणाला, आणि त्याची झरीची गाडी लागली.